जुन्या संगणक-प्रणालींसाठी प्रोग्राम लिहिताना येणाऱ्या मेमरीच्या मर्यादा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डॉस, विंडोज ३.१ आणि जुना मॅकिंटॉश यांच्यासाठी हौसेने प्रोग्राम लिहिणारे, तसेच जुने प्रोग्राम दुरुस्त करून चालते ठेवणारे लोक जे प्रश्न सतत पाठवतात, ते येथे एकत्र केले आहेत. ‘मेमरी अपुरी आहे’ हा संदेश दिसायला एकच असला, तरी त्यामागे अनेक निरनिराळ्या मर्यादा असू शकतात. आपण नेमके कोणत्या मर्यादेला अडलो आहोत हे ठरवण्याआधी केलेला उपाय बहुधा वाया जातो, म्हणून पुढील उत्तरांत आधी कारण आणि मग उपाय असा क्रम ठेवला आहे. इंटरप्ट, फंक्शन आणि पत्ते यांचे आकडे हेक्स, म्हणजे सोळा आधाराच्या, पद्धतीतले आहेत. बाकी सर्व आकडे नेहमीच्या दशमान पद्धतीतले आहेत.

१. माझ्या मशीनमध्ये १६ एमबी रॅम आहे, तरी डॉसमधला माझा प्रोग्राम मेमरी संपली असे का म्हणतो?

डॉस हे ८०८८ प्रोसेसरसाठी घडले आणि त्या प्रोसेसरला २० ॲड्रेस लाइन होत्या, म्हणजे त्याला एकूण १ एमबीपर्यंतचेच पत्ते दिसत. पुढे ८०२८६ ला २४ आणि ८०३८६ ला ३२ ॲड्रेस लाइन मिळाल्या; पण डॉस प्रोसेसरला रिअल मोडमध्येच चालवत राहिले आणि त्या मोडमध्ये नवा प्रोसेसरही जवळजवळ जुन्यासारखाच वागतो. त्यामुळे पहिल्या एमबीच्या पलीकडची रॅम मशीनमध्ये असते, पण साध्या पॉइंटरने तिच्यापर्यंत पोहोचता येत नाही. तिथे जाण्याचे मार्ग प्रश्न ८ आणि १२ मध्ये दिले आहेत.

२. ती मर्यादा १ एमबीची असेल, तर ६४० केबी हा आकडा कोठून आला? आणि मला ६३९ का दिसतात?

आयबीएमने १९८१ च्या पीसीची आखणी करताना ए०००:०००० या पत्त्यापासून वरचा ३८४ केबीचा भाग व्हिडिओ, ॲडॅप्टर कार्डे आणि बायोस (मशीनमध्येच कोरलेला मूळ प्रोग्राम) यांच्यासाठी राखून ठेवला. रंगीत टेक्स्ट स्क्रीन बी८००:०००० ला असते, व्हीजीएचे ग्राफिक्स ए०००:०००० ला आणि सिस्टिम बायोस एफ००० सेगमेंटमध्ये असतो. खाली उरतात ते ६४० केबी, आणि त्यालाच कन्व्हेन्शनल मेमरी म्हणतात. म्हणजे ही मर्यादा मशीनच्या आखणीतून आली आहे, आणि डॉसला त्याबद्दल बोल लावणे तितकेसे न्याय्य नाही.

मेमरी किती आहे हे बायोसला विचारणाऱ्या इंटरप्ट १२ ने ६३९ असे उत्तर दिले, तर बायोसने आपल्या जादा नोंदींसाठी वरच्या टोकाचा १ केबी घेतला आहे असे समजावे. तो भाग मोकळा समजून वापरू नये.

३. चाळीस हजार पूर्णांकांचा ॲरे कंपायलर नाकारतो. ६४० केबीत ८० केबी का मावत नाहीत?

रिअल मोडमध्ये पत्ता दोन भागांत लिहिला जातो: सेगमेंट आणि ऑफसेट. सेगमेंटला १६ ने गुणून त्यात ऑफसेट मिळवला की खरा पत्ता मिळतो. ऑफसेट १६ बिटांचा असल्यामुळे एका सेगमेंटमध्ये ६५,५३६ बाइटच बसतात, आणि १६ बिटी पूर्णांक ४०,००० असले की ८०,००० बाइट लागतात. कंपायलर एक ॲरे साधारणपणे एकाच सेगमेंटमध्ये ठेवू पाहतो, म्हणून तो नकार देतो.

सर्वांत स्वच्छ उपाय म्हणजे ॲरेच्या ओळी स्वतंत्रपणे मागणे आणि त्यांच्या पॉइंटरांचा एक छोटा ॲरे ठेवणे. कितीही मोठे टेबल अशा रीतीने मेमरी पुरेल तितके वाढवता येते आणि प्रत्येक ओळ ६४ केबीच्या आत राहते. योगायोगाने ३२० बाय २०० आणि २५६ रंगांची स्क्रीन ६४,००० बाइटांची असते, म्हणजे ती एका सेगमेंटमध्ये नेमकी मावते. त्या काळच्या खेळांमध्ये हा ग्राफिक्स मोड इतका लोकप्रिय होण्याचे हे एक मोठे कारण होते. तेवढेच रंग ६४० बाय ४८० मध्ये हवे असतील, तर ३,०७,२०० बाइट लागतात आणि व्हिडिओ कार्डाच्या बँका बदलत बसावे लागते.

४. कोणते मेमरी मॉडेल निवडू? ‘लार्ज’ सरसकट घेतले तर काय बिघडते?

मेमरी मॉडेल म्हणजे कोडला आणि डेटाला किती सेगमेंट द्यायचे हे कंपायलरला सांगणारी निवड. टायनीमध्ये कोड, डेटा आणि स्टॅक मिळून ६४ केबी असतात. स्मॉलमध्ये कोडला ६४ आणि डेटाला ६४ केबी मिळतात. मीडियममध्ये कोड मोठा व डेटा लहान, तर कॉम्पॅक्टमध्ये त्याच्या उलट असते. लार्जमध्ये दोन्हीकडे ‘फार’ (दूरचे) पॉइंटर, म्हणजे सेगमेंट आणि ऑफसेट दोन्ही बाळगणारे पॉइंटर, येतात.

लार्ज घेतल्याने चूक होत नाही, पण प्रत्येक पॉइंटर दोनऐवजी चार बाइटांचा होतो आणि तो वापरताना दर वेळी सेगमेंट रजिस्टर भरावे लागते, त्यामुळे प्रोग्राम फुगतो आणि मंदावतो. बहुतेक मध्यम आकाराच्या प्रोग्रामांना मीडियम मॉडेल घ्यावे आणि मोजक्या मोठ्या बफरांसाठी हाताने फार पॉइंटर जाहीर करावेत, असे आमचे मत आहे.

‘ह्यूज’ या नावाबाबत मात्र सावध राहावे. बोर्लंडच्या कंपायलरमध्ये या मॉडेलमुळे सर्व स्टॅटिक डेटावरची मिळून ६४ केबीची मर्यादा उठते, पण साधा पॉइंटर ‘फार’ प्रकारचाच राहतो. मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरमध्ये त्याच नावाच्या मॉडेलमुळे एकच ॲरे ६४ केबीहून मोठा करता येतो. एका कंपायलरसाठी लिहिलेला कोड दुसऱ्यावर नेताना अनेक जण येथेच फसतात.

५. फार पॉइंटर वाढवत गेलो की काही वेळाने डेटा सुरुवातीपासून पुसला जातो. असे का?

फार पॉइंटरमध्ये बेरीज केली की फक्त ऑफसेट बदलतो. ऑफसेट एफएफएफएफ वरून पुढे गेला की तो ०००० होतो आणि सेगमेंट जागचा हलत नाही, म्हणून पुढचे लिखाण त्याच सेगमेंटच्या आरंभी जाऊन पडते. ६४ केबी ओलांडणाऱ्या डेटासाठी ह्यूज पॉइंटर जाहीर करावा. तो सेगमेंटही सांभाळतो, पण बराच हळू चालतो.

याच जातीची दुसरी चूक तुलनेत होते. ०००१:००१० आणि ०००२:०००० हे दोन्ही एकाच बाइटचे पत्ते आहेत, तरी फार पॉइंटर म्हणून त्यांची तुलना केली तर ते वेगळे ठरतात. शिवाय बोर्लंडमध्ये ‘लहान की मोठा’ ही तुलना फक्त ऑफसेट पाहून केली जाते, त्यामुळे वेगवेगळ्या सेगमेंटमधल्या पॉइंटरांचा त्यावरून लावलेला क्रम निरर्थक ठरतो.

६. मेमरी भरपूर मोकळी दिसते, तरी मॅलॉक नल परत करतो. किंवा मॅलॉक यशस्वी होतो आणि मग मशीन लटकते. नेमके काय तपासू?

मॅलॉक हे सी भाषेतले मेमरी मागण्याचे फंक्शन, आणि नल म्हणजे मेमरी न मिळाल्याची खूण असलेला पॉइंटर. येथे तीन वेगळी कारणे संभवतात आणि ती एकमेकांत मिसळली जातात.

पहिले कारण मॉडेलचे आहे. स्मॉल मॉडेलमध्ये मॅलॉक जवळच्या हीपमधून, म्हणजे मागेल तशी मेमरी देण्यासाठी ठेवलेल्या साठ्यातून, मेमरी देतो, आणि ते हीप स्टॅटिक डेटा व स्टॅक यांच्यासह एकाच ६४ केबीत असते. बाहेर ४०० केबी मोकळे असले तरी त्याला ते दिसत नाहीत. बोर्लंडमध्ये फारमॅलॉक आणि मायक्रोसॉफ्टमध्ये एफमॅलॉक वापरले की बाहेरची मेमरी मिळते.

दुसरे कारण तुकड्यांचे आहे. टर्बो पास्कलमध्ये मेमअव्हेल एकूण मोकळी मेमरी सांगते आणि मॅक्सअव्हेल सर्वांत मोठा सलग तुकडा सांगते. मोठा ब्लॉक मागण्याआधी पाहायचे असते ते मॅक्सअव्हेल. लहानमोठे ब्लॉक मागत व सोडत राहणाऱ्या प्रोग्रामात या दोन आकड्यांमध्ये फार मोठे अंतर पडते. दीर्घकाळ लागणारे मोठे ब्लॉक प्रोग्रामच्या आरंभीच घेऊन टाकणे हा त्यावरचा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

तिसरे कारण सर्वांत फसवे आहे. ३०० बाय ३०० बाइटांचे चित्र ठेवण्यासाठी कोणी ३०० गुणिले ३०० असे लिहून मॅलॉकला दिले, तर १६ बिटी पूर्णांकात ९०,००० मावत नाहीत आणि गुणाकार २४,४६४ होतो. मॅलॉक तेवढीच मेमरी आनंदाने देतो, नल येत नाही, आणि चित्राचा उरलेला भाग दुसऱ्याच कोणाच्या तरी डेटावर लिहिला जातो. गुणाकार लाँगमध्ये करावा आणि ज्या फंक्शनला लाँग आकार चालतो तेच वापरावे.

मोठ्या डेटाच्या मॉडेलमध्ये नल म्हणजे ००००:०००० हा पत्ता, आणि मेमरीच्या पहिल्या १,०२४ बाइटांत इंटरप्ट व्हेक्टर टेबल (प्रत्येक इंटरप्टने कुठे जायचे याचे पत्ते) असते. नल न तपासता तिथे लिहिले की मशीन लटकते ते त्या ओळीवर नव्हे, तर पुढच्या एखाद्या इंटरप्टला. म्हणून चूक भलत्याच ठिकाणी शोधली जाते.

७. माझ्या प्रोग्राममधून दुसरा प्रोग्राम चालवताना एरर ८ येते. मेमरी तर रिकामी आहे.

ती तुमच्याच प्रोग्रामने धरून ठेवलेली असते. डॉस कॉम फाइलला उपलब्ध असलेला सर्वांत मोठा ब्लॉक पूर्णपणे देऊन टाकते, आणि एक्झी फाइलच्या हेडरमध्ये कमाल मागणी सहसा एफएफएफएफ पॅराग्राफ अशी असल्यामुळे तिलाही तेवढाच मिळतो. पॅराग्राफ म्हणजे १६ बाइट. असेंब्लीत लिहिलेल्या प्रोग्रामने सुरू होताच स्टॅक आत आणून इंटरप्ट २१ च्या फंक्शन ४ए ने आपला ब्लॉक आखडता घ्यावा आणि मगच फंक्शन ४बी ने दुसरा प्रोग्राम चालवावा. टर्बो पास्कलमध्ये हीपची कमाल मर्यादा मुळात ६,५५,३६० असते. एम या कंपायलर डायरेक्टिव्हमध्ये ती गरजेपुरती खाली आणली की काम होते.

एरर ८ ऐवजी एरर ७ आली, तर प्रकरण वेगळे आहे: डॉस प्रत्येक ब्लॉकच्या आधी १६ बाइटांची नोंद ठेवते आणि ती कोणीतरी पुसली आहे. तेव्हा मर्यादा ओलांडून लिहिणारा पॉइंटर शोधावा.

८. ईएमएस वापरू की एक्सएमएस?

ईएमएस (एक्स्पांडेड मेमरी) ही लोटस, इंटेल आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मिळून ठरवलेली पद्धत आहे. वरच्या भागात ६४ केबीची एक चौकट असते, तिच्यात १६ केबीची चार पाने बसतात, आणि इंटरप्ट ६७ ला सांगून हवे ते पान चौकटीत आणता येते. ३.२ आवृत्तीत ८ एमबीपर्यंत आणि १९८७ च्या ४.० आवृत्तीत ३२ एमबीपर्यंत मेमरी अशी वापरता येते. पान चौकटीत आले की त्यावर साधा फार पॉइंटर चालतो, काहीही नकलावे लागत नाही.

एक्सएमएसची (एक्स्टेंडेड मेमरीची) २.० आवृत्ती १९८८ ची. येथे मेमरी १ एमबीच्या पलीकडेच राहते. तुम्हाला हँडल (ब्लॉकचा ओळख क्रमांक) मिळते आणि डेटा ने-आण करण्यासाठी फंक्शन ०बी वापरावे लागते. त्याला द्यायची लांबी समसंख्याच असावी लागते, आणि हँडल शून्य दिले तर तो पत्ता कन्व्हेन्शनल मेमरीतला समजला जातो. सम लांबीचा नियम न पाळल्यामुळे येणाऱ्या तक्रारी थांबता थांबत नाहीत.

वारंवार चाळायच्या डेटासाठी ईएमएस सोयीचे, तर एकदा साठवून क्वचित काढायच्या डेटासाठी, उदाहरणार्थ झाकलेल्या स्क्रीनसाठी किंवा आवाजाच्या फाइलींसाठी, एक्सएमएस पुरेसे. ८०८८ वर एक्सएमएसची ही मेमरी नसतेच. उलट ३८६ वर अनेक जण ईएमएम३८६ हा मेमरी ड्रायव्हर नोईएमएस देऊन, म्हणजे ईएमएसशिवाय, चालवतात, म्हणून ईएमएस असेलच असे गृहीत धरू नये. दोन्ही तपासून, काहीच नसेल तर डिस्कवर तात्पुरती फाइल करणारा प्रोग्राम सर्वत्र चालतो.

९. प्रोग्राम तीन-चार वेळा चालवला की ईएमएस संपते. मशीन पुन्हा सुरू केले की ठीक होते.

प्रोग्राम संपताना डॉस आपली कन्व्हेन्शनल मेमरी परत घेते, पण ईएमएस आणि एक्सएमएसची हँडले डॉसच्या हिशेबात नसतात. ती स्वतःच सोडावी लागतात, आणि कंट्रोल-ब्रेकने प्रोग्राम तुटला तरीही सोडावी लागतात. त्यासाठी इंटरप्ट २३ वर आपला हँडलर बसवावा. एक्सएमएस देणाऱ्या हाइमेम या ड्रायव्हरमध्ये मुळात ३२ च हँडले असतात, त्यामुळे लहान लहान बरेच ब्लॉक मागण्यापेक्षा एक मोठा ब्लॉक घेऊन तो आत वाटून घ्यावा.

१०. एचएमए माझ्या प्रोग्रामला वापरता येईल का?

२८६ आणि त्यापुढे ए२० (एकविसावी ॲड्रेस) लाइन चालू असताना एफएफएफएफ:००१० पासून ६५,५२० बाइट रिअल मोडमध्येही दिसतात, तोच एचएमए (हाय मेमरी एरिया). तो एका वेळी एकालाच मिळतो, आणि डॉस ५ पासून डॉस=हाय लिहिले की तो डॉसकडे जातो. साध्या प्रोग्रामने त्याचा विचार सोडून द्यावा.

११. मेमरी वाढवल्यावर जुना प्रोग्राम ‘पॅक्ड फाइल इज करप्ट’ म्हणतो. फाइल तर ठीक आहे.

कमी मेमरीमुळे नव्हे, तर खालची मेमरी जास्त मोकळी झाल्यामुळे येणारी ही एरर आहे. डॉस वर गेले आणि ड्रायव्हरही वर गेले की प्रोग्राम पहिल्या ६४ केबीत लोड होऊ लागतो. एक्झीपॅकने आवळलेल्या फाइलींचा उलगडणारा कोड सेगमेंटमधून वजाबाकी करताना शून्याच्या खाली जातो. ८०८८ वर तो पत्ता गोल फिरून बरोबर जागी येत असे, पण ए२० चालू असताना तो एचएमएमध्ये जाऊन पडतो. डॉस ५ पासून येणारी लोडफिक्स ही आज्ञा पहिले ६४ केबी अडवून प्रोग्राम त्यावर चढवते. स्वतःचा प्रोग्राम देताना मात्र एक्झीपॅक टाळावे हे उत्तम.

१२. एवढ्या कसरतींपेक्षा डॉस एक्स्टेंडर सरळ का वापरू नये?

डॉस एक्स्टेंडर म्हणजे डॉसवरच प्रोग्रामला प्रोटेक्टेड मोडमध्ये, म्हणजे १ एमबीच्या पलीकडची मेमरी थेट दिसणाऱ्या मोडमध्ये, चालवणारा प्रोग्राम. लक्ष्य ३८६ किंवा त्यापुढचे मशीन असेल, तर वापरावाच. डीजेजीपीपी हा कंपायलर किंवा डॉस/४जीडब्ल्यू या एक्स्टेंडरसह वॉटकॉम कंपायलर घेतला की प्रोग्राम ३२ बिटी प्रोटेक्टेड मोडमध्ये चालतो, आणि प्रश्न ३ ते ६ मधल्या बहुतेक अडचणी नाहीशा होतात. नव्या अडचणी तीन येतात.

एक म्हणजे पूर्णांक आता चार बाइटांचा असतो आणि स्ट्रक्चरमध्ये मधल्या रिकाम्या जागाही बदलतात. जुन्या प्रोग्रामने थेट स्ट्रक्चर लिहून केलेल्या डेटा फाइली नव्याने उघडल्या की आकडे विस्कटतात. दुसरे म्हणजे डॉस स्वतः अजून रिअल मोडमध्येच आहे, म्हणून त्याला द्यायचा बफर १ एमबीच्या खाली असावा लागतो. नेहमीची लायब्ररी फंक्शने हे आपोआप करतात, पण स्वतः इंटरप्ट बोलावायचा असेल, तर डीपीएमआयच्या (प्रोटेक्टेड मोडमधल्या प्रोग्रामांना सेवा देण्याच्या ठरलेल्या पद्धतीच्या) इंटरप्ट ३१ मधील फंक्शन ०१०० ने खालची मेमरी मागून फंक्शन ०३०० ने तो इंटरप्ट चालवावा. तिसरे म्हणजे स्वतःचा इंटरप्ट हँडलर आणि त्याचा डेटा फंक्शन ०६०० ने जागी बांधून ठेवावा, नाहीतर ते पान डिस्कवर गेलेले असताना इंटरप्ट आला की प्रोग्राम कोसळतो.

व्हिडिओ मेमरीबाबत दोघांचे वागणे निराळे आहे. डॉस/४जीडब्ल्यूमध्ये ए०००० या पत्त्यावर थेट लिहिता येते. डीजेजीपीपीमध्ये तसे केले की प्रोग्राम तिथेच थांबवला जातो, आणि त्यासाठी दिलेली ‘फार’ नावाची फंक्शने वापरावी लागतात.

१३. अनरिअल मोडबद्दल वाचले. तो सोपा नाही का?

३८६ वर क्षणभर प्रोटेक्टेड मोडमध्ये जाऊन सेगमेंटची मर्यादा ४ जीबी करून परत येता येते, हे खरे आहे. पण ईएमएम३८६ किंवा विंडोज चालू असेल, तर प्रोसेसर व्हर्च्युअल ८०८६ मोडमध्ये असतो आणि ही युक्ती चालत नाही. दुसऱ्यांच्या मशीनवर जाणाऱ्या प्रोग्रामात ती घालू नये.

१४. साउंड कार्डाचा आवाज कधी नीट येतो, कधी खरखरतो. कोड तोच असतो. याचा मेमरीशी संबंध आहे का?

आहे. डीएमए ही प्रोसेसरला मध्ये न घेता मेमरीतून कार्डाकडे डेटा नेणारी यंत्रणा. आठ बिटी डीएमएचा मोजणारा पत्ता १६ बिटांचा असतो, त्यामुळे बफर खऱ्या पत्त्याच्या ६४ केबीच्या सीमेवर पडला की वाहतूक सीमेपाशी मागे वळते आणि भलताच डेटा वाजू लागतो. प्रोग्राम कुठे लोड होतो हे आधी चढलेल्या ड्रायव्हरांवर अवलंबून असल्याने चूक कधी दिसते, कधी नाही. ८ केबीचा बफर हवा असेल, तर १६ केबी मागावे. त्यांतला एक अर्धा भाग सीमेच्या एका बाजूला नक्कीच पूर्ण बसतो. एक्स्टेंडरखाली हा बफर प्रश्न १२ मध्ये सांगितलेल्या खालच्या मेमरीतूनच घ्यावा.

१५. विंडोज ३.१ मध्ये कित्येक एमबी मोकळे असताना ‘मेमरी अपुरी’ का येते?

पाहायच्या जागा तीन. यूझर आणि जीडीआय (विंडोजचे अनुक्रमे खिडक्या आणि चित्रण सांभाळणारे भाग) यांची हीपे प्रत्येकी ६४ केबीच्या मर्यादेतली आहेत. ब्रश आणि पेन तयार करून नष्ट केले नाहीत, तर ते प्रोग्राम संपल्यावरही तिथेच पडून राहतात. हे गेटफ्रीसिस्टिमरिसोर्सेस या फंक्शनने तपासता येते. दुसरे, ग्लोबलअलॉक या फंक्शनने केलेली मेमरीची प्रत्येक मागणी किमान एक सिलेक्टर (प्रोटेक्टेड मोडमध्ये सेगमेंटच्या जागी येणारा क्रमांक) खाते आणि सर्व प्रोग्रामांना मिळून एन्हान्स्ड मोडमध्ये सिलेक्टर ८,१९२ च असतात. लिंक्ड लिस्टचा प्रत्येक नोड ग्लोबलअलॉकने मागणारा प्रोग्राम एकट्याने सगळ्या विंडोजला अडवू शकतो, म्हणून मोठे ब्लॉक घेऊन ते आत वाटावेत. तिसरे, नवा प्रोग्राम सुरू करताना विंडोजला १ एमबीच्या खाली थोडी जागा लागतेच, आणि फिक्स्ड (न हलणारे) सेगमेंट असलेले डीएलएल, म्हणजे अनेक प्रोग्रामांच्या सामाईक लायब्ररी, नेमकी तीच जागा व्यापतात. काही डीएलएल चढल्यावर आणखी प्रोग्राम सुरूच होत नसतील, तर बहुधा हेच कारण असते.

१६. जुन्या मॅकवर हे सेगमेंट नाहीत, मग तिथे काय सांभाळायचे?

तिथे प्रत्येक प्रोग्रामला ठरावीक आकाराचा हिस्सा मिळतो, आणि तो हिस्सा वापरणारा गेट इन्फोमधून वाढवू शकतो. हिश्शाच्या आत मेमरी मॅनेजर ब्लॉक हलवून जागा सलग करत असतो, म्हणून पॉइंटरऐवजी हँडल, म्हणजे पॉइंटरचा पॉइंटर, वापरायचे असते. नेहमीची चूक अशी: डावीकडे हँडलमधून काढलेले फील्ड आणि उजवीकडे मेमरी मागणारे फंक्शन, अशी नेमणूक एकाच ओळीत लिहिली जाते. कंपायलरने डावीकडचा पत्ता आधी काढला आणि मग फंक्शनमुळे ब्लॉक हलला, तर उत्तर जुन्या जागी लिहिले जाते. फंक्शनचे उत्तर आधी स्थानिक चलात घ्यावे, किंवा एचलॉकने हँडल बांधून काम होताच सोडावे. खूप काळ बांधून ठेवलेल्या हँडलांनी हिश्शाचे तुकडे पडतात.

१७. एम्युलेटरमध्ये भरपूर मेमरी दिली, तर चाचणी पुरेशी होते का?

होत नाही, आणि कधी कधी उलटेच होते. एक्सएमएस २.० मोकळी मेमरी केबीमध्ये १६ बिटांत सांगते. तो आकडा चिन्हयुक्त पूर्णांकात घेणाऱ्या प्रोग्रामला ३२,७६७ केबीहून जास्त मेमरी ऋण दिसते आणि तो मेमरी नाही म्हणून थांबतो. अशा जुन्या प्रोग्रामला डॉसबॉक्स या एम्युलेटरच्या मेमसाइझ या सेटिंगमध्ये १६ किंवा त्याहून कमी एमबी द्याव्यात. स्वतःच्या प्रोग्रामची चाचणी करताना एक्सएमएस, ईएमएस आणि यूएमबी (६४० केबी ते १ एमबी यांमधले वापरता येणारे ब्लॉक) आळीपाळीने बंद करून पाहावे. कन्व्हेन्शनल मेमरी तुटपुंजी करण्यासाठी इंटरप्ट २१ च्या फंक्शन ४८ ने मोठा ब्लॉक घेऊन मेमरीत राहणारा एक छोटा प्रोग्राम आधी चालवावा. फंक्शन ४८ ला बीएक्स या रजिस्टरमध्ये एफएफएफएफ दिले, तर ते एरर ८ देते आणि बीएक्समध्ये सर्वांत मोठ्या मोकळ्या ब्लॉकचा आकार पॅराग्राफमध्ये परत करते. किती अडवायचे याचा हिशेब त्यावरून करता येतो.